पावरी आणि पांढरी पूड

आमच्या शाळेच्या मागे, पाण्याच्या हौदाला लागून पत्र्याची एक खोली होती. तीत कुदळी, झाऱ्या, शेणखताची पोती आणि खुंटीला टांगलेली एक पावरी असे. वाळलेला दुधी भोपळा, त्याला मेणाने बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या आणि खाली बैलाचं शिंग, असं ते वाद्य. पेठ-सुरगाण्याच्या डोंगरात डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात ते वाजतं. शाळेत ते कुणी वाजवत नसे. पण दुपारी वारा सुटला की पत्र्याच्या फटींतून आत शिरायचा आणि पावरीच्या तोंडावरून जाताना एक हलका हुंकार उमटायचा. सातवीच्या वर्गात शिकवताना तो कानावर आला की मी वाक्य अर्ध्यावर ठेवून थांबत असे. मुलंही थांबत.

"मी नाय वाजवत, बाई. आज्याची हाय ती, तोच वाजवत असंल," पावरीचे मालक, आमचे माळी रावजी, सांगायचे.

रावजी १९९१ साली शाळेत आले. वय विचारलं तर म्हणत, "मोठा दुष्काळ पडला तवा आमची थोरली पोटात होती, मग बघा तुमीच." बारीक अंगाचा, सावळा माणूस, खांदे नेहमी जरा वर उचललेले. मला वाटायचं, डोंगरातल्या माणसाची ती ढबच असेल. दम्याची माणसं खांद्यांनी श्वास ओढत असतात, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

फाटकापासून हौदापर्यंत त्यांनी दहा वाफे केले होते. जास्वंद, तगर, अबोली, शेवंती, मोगरा, कण्हेर, गुलबक्षी, सदाफुली, झेंडू आणि शेवटी हौदाला टेकून निशिगंध. रोज सकाळी याच क्रमाने ते पाणी घालत. प्रार्थना चालू असताना पाणी मोगऱ्यापर्यंत आलेलं असायचं, पहिला तास सुरू होताना निशिगंधापर्यंत. घड्याळ बंद पडलं तरी शिक्षकांच्या खोलीत कुणाची गैरसोय होत नसे.

पेठच्या पलीकडे एका पाड्यावर त्यांचं घर. मोटारीतून उतरून दीड तास चालायचं. भात आणि नागली निघाली की सगळा पाडा द्राक्षाच्या कामाला दिंडोरीकडे उतरायचा. रावजींनी तिथे अकरा हंगाम वेलींवर गंधक धुरळलं. पाठीवर यंत्र, तोंडाला पंचा, आणि भोवती पिवळा धूर. "पहाटे मांडवात शिरलं का सोनं उडाल्यावानी दिसायचं," ते सांगत. त्या सोन्याने छाती धरली, तेव्हा बाग सोडून ते बायकोसह नाशकात आले आणि पेठ नाक्याजवळ एक खोली घेऊन राहिले.

त्यांची बायको नवसाबाई चार घरची भांडी घासायची. ठसठशीत कुंकू, ठसठशीत आवाज. नवऱ्याच्या दम्यावर तिने सगळं करून पाहिलं होतं. अडुळशाचा काढा झाला, धोतऱ्याची वाळली पानं जाळून त्यांचा धूर झाला. शेवटी आठवडेबाजारातला एक माणूस पांढऱ्या पुड्या द्यायचा, त्यांनी गुण आला. पुडी घेतली की तासाभरात धाप बसायची, भूक लागायची, रावजी दोन भाकरी जास्त खायचे. पण वर्षभरात चेहरा गोल झाला आणि गाल सुजल्यासारखे दिसू लागले.

"आता पावरी नको नि काय नको," नवसाबाई म्हणाली होती. "गाल आधीच फुगवून ठेवलेत ह्या माणसानं."

रावजी हसले होते, पण थोडंसंच. पावरीची चेष्टा त्यांना सोसत नसे.

कारण मला एकदा त्यांनीच सांगितलं. दुपारची सुट्टी संपली होती, आम्ही दोघं हौदाच्या कट्ट्यावर बसलो होतो. त्यांच्या पाड्यावर डोंगऱ्यादेव दर पाच वर्षांनी मार्गशीर्षात बसतो. नेम धरलेली माणसं, त्यांना माऊल्या म्हणतात, पावरीच्या सुरावर फेर धरून नाचतात. पावरी चालू आहे तोवर पाय चालू. आजापासून ती रावजींच्याच घरात. वाजवणारा गालात वारा धरून ठेवतो, नाकाने नवा घेतो, त्यामुळे सूर तुटत नाही. रावजी तरुणपणी भाताचं एक खाचर बैलांनी चिखलून होईस्तोवर बांधावर बसून अखंड वाजवायचे.

१९९६ च्या उत्सवात, दुसऱ्या दिवशी, सूर तुटला.

"धाप आली नि पावरी तोंडातून सुटली," रावजी म्हणाले. "माऊल्या हुत्या तिथंच उभ्या ऱ्हायल्या. एकाचा पाय तसाच वर. कोणी मला बोललं नाय, बाई. बोलले असते तर बरं झालं असतं."

उरलेले दिवस सुरगाण्याकडून माणूस आणून वाजवून घेतले. रावजींनी पावरी नाशकात आणली आणि शाळेमागच्या खोलीत टांगली. पुढचा उत्सव २००१ मध्ये होता. त्यांना तो फेर एकदा पुरा करून द्यायचा होता. त्यापलीकडे काही मागणं नव्हतं.

मी वर्गाच्या खिडकीतून बघत असे. १९९८ मध्ये पाणी घालताना ते कण्हेरीपाशी टेकायचे. पुढच्या वर्षी शेवंतीपाशी. २००१ च्या जूनमध्ये शाळा उघडली आणि रावजी तगरीपाशीच झारी खाली ठेवून बसले. दहातला दुसरा वाफा. मी खडू ठेवला, आणि त्याच संध्याकाळी त्यांना घेऊन पल्लवीकडे गेले.

पल्लवी गायधनी माझी जुनी विद्यार्थिनी. आता ती छातीची डॉक्टर होती. लहानपणी वेणीत माळायला ती रावजींकडून अबोली मागून न्यायची. तिने त्यांना "काका" म्हणत आत घेतलं, पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं, पुड्यांबद्दल विचारलं आणि चेहऱ्याकडे बघून मान हलवली. मग त्यांच्या हातात प्लॅस्टिकची एक नळी दिली. तिच्यावर आकडे होते, आकड्यांवरून सरकणारा लाल काटा होता.

"काका, छाती भरून घ्या आणि एका दमात जोरात फुंका."

रावजींनी पावरीला लावतात तसे ओठ लावले. काटा एकशे चाळीसपर्यंत गेला आणि थांबला.

"किती पायजे?"

"तुमच्या उंचीला चारशेच्या वर."

"परत द्या. नीट धरता नाय आली."

दुसऱ्यांदा एकशे तीस. रावजींनी नळी टेबलावर ठेवली, आणि फुंकण्यात हरलेला माणूस कसा दिसतो ते मी पाहिलं.

पल्लवीने मग औषध समजावलं. बाजारातल्या पुड्यांत स्टिरॉइड असणार, त्या एकदम सोडायच्या नाहीत, ती सांगेल तशा हळूहळू उतरवायच्या. आता औषध पोटातून नाही, थेट छातीत जायचं, म्हणून ते अगदी थोडं लागतं. दोन डब्यांत बारीक कॅप्सूल. पिवळ्या डबीतली सकाळ-संध्याकाळ, धाप असो नसो. ती आतली सूज उतरवते, आणि ती घेतल्यावर चूळ भरायची. निळ्या डबीतली धाप लागली तरच. ती आवळलेल्या नळ्या मोकळ्या करते. दोन्ही गिळायच्या नाहीत. अंगठ्याएवढ्या एका पारदर्शक नळीत कॅप्सूल बसवायची, नळी पिळली की ती उघडते, आतली पूड श्वासाबरोबर ओढायची, आणि दहा मोजेपर्यंत श्वास धरून ठेवायचा. तिने रिकाम्या नळीवर करून दाखवलं. रावजींनीही रिकाम्या नळीला तोंड लावून दाखवलं. त्यांची छाती वर आली, खाली गेली. बाहेर बाक भरलेलं होतं. पल्लवी म्हणाली, "छान."

तीन महिने ते औषध चाललं आणि काहीही झालं नाही. उलट पुड्या उतरत गेल्या तशी धाप वाढली. पल्लवीने पिवळ्या कॅप्सूलचा जोर वाढवून दिला. नवसाबाईचा धीर सुटत चालला.

"पंपाची सवय लागती म्हणतात, बाई. ह्यांना तर सवय बी लागंना. त्यापरीस बाजारातली पुडी काय वाईट हुती?"

गणपतीच्या दिवसांत पाड्यावरून भगत कोंडाजी आले. उत्सवाचं सगळं तेच बघायचे. पांढरं धोतर, हातात काठी, बोलणं मोजकं. शाळेमागच्या खोलीच्या दारात उभं राहून त्यांनी खुंटीकडे पाहिलं.

"रावजी, देव तुझ्या पावरीवर रुसला नाय. पण मला माऊल्यांचं बघाया लागतं. सुरगाण्याच्या जयरामला सुपारी देऊ का नको, दिवाळीच्या आत सांग."

"सांगतो," रावजी म्हणाले. त्या एका शब्दासाठी त्यांना दोनदा श्वास घ्यावा लागला. कोंडाजींनी तो ऐकला आणि काठी उचलली.

त्यानंतरच्याच एका सकाळची गोष्ट. पाऊस उघडला होता आणि हवेत ओल्या मातीची गुंगी होती. मी लवकर आले होते. खोलीचं दार उघडं, पूर्वेच्या फटीतून उन्हाची एक तिरीप आत आलेली, आणि तिच्यासमोर रावजी औषधाची नळी घेऊन उभे. त्यांनी डोळे मिटले, नळी पिळली, ओठांना लावली. गाल भरले. आणि नळीच्या दुसऱ्या टोकातून एक इवलासा पांढरा ढग निघाला. उन्हात तो तरंगला, पसरला, आणि सावकाश दाराबाहेरच्या निशिगंधाच्या पानांवर जाऊन बसला. इतकं सुंदर दिसलं की काय पाहते आहे ते कळायला मला जरा वेळ लागला.

रावजी तसेच श्वास धरून उभे होते. दहा मोजत होते.

"रावजी, तुम्ही फुंकता?"

"हां."

"ओढत नाही?"

त्यांनी नळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तोंडाला लावलं म्हंजे फुंकायचंच की, बाई. डॉक्टरनीनंच सांगितलं, जोरात फुंका."

तिने सांगितलं होतं, पण ते काट्याच्या नळीत. एकाच बैठकीत दोन नळ्या हातात दिल्या, एक फुंकायची, एक ओढायची. आणि ज्याने चाळीस वर्षं ओठांना लावलेल्या प्रत्येक वस्तूत प्राण फुंकला, त्याने दुसरीतही फुंकला. श्वास नाकाने घेतला, पावरीच्या रीतीने. पाहणाऱ्याला छाती वर-खाली झालेली दिसली. मीही तिथेच बसले होते.

रावजी निशिगंधाची पानं बोटाने पुसून बघू लागले. बोटाला पांढरं लागलं.

"म्हंजे तीन म्हैने ह्याला औषद चाललंय," ते म्हणाले. "तरीच औंदा एवढा भरला."

आम्ही दोघंही हसलो. हसताना त्यांना धाप लागली, म्हणून मग थांबलो.

चूक कळली तरी सुटेना. "आता ओढा," म्हटलं की ते मान डोलवत, नळी लावत, आणि गाल आपोआप भरत. रिकाम्या नळीवर पंधरा वेळा केलं, पंधरा वेळा फुंक. त्यांना स्वतःचा राग आला. नळी पोत्यावर ठेवून ते म्हणाले, "पाणी तरी घालतो," आणि हौदाकडे गेले.

हौदाला तोटी नव्हती. रावजी रबरी नळीचं एक टोक पाण्यात सोडायचे, दुसरं तोंडाला लावून एक सणसणीत ओढ घ्यायचे आणि पाणी जिभेला लागायच्या आत टोक झारीत टाकायचे. दहा वर्षं रोज मी ते पाहत होते. त्या दिवशी पाहिलं आणि ओरडलेच.

"रावजी, हेच. हौदातलं पाणी ओढता तसं."

ते नळी हातात धरून उभे राहिले. पाणी त्यांच्या पायांवरून वाहत राहिलं. मग खोलीत जाऊन त्यांनी नवी कॅप्सूल बसवली, पिळली, बाहेर येऊन हौदाकडे तोंड करून उभे राहिले, आणि ओढली. आत ती कॅप्सूल घरघरली. बाहेर ढग आला नाही. त्यांचे डोळे मोठे झाले.

"गोड लागतंय."

"बोलू नका. दहा मोजा."

त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि वाफ्यांवरून नजर फिरवली, फाटकापासून आपल्या पायांपर्यंत. नंतर विचारलं तेव्हा म्हणाले, आकडे मोजताना घाई होते, म्हणून मी फुलं मोजतो. जास्वंद, तगर, अबोली. निशिगंधाला पोचलं की सोडायचा.

पल्लवीला सांगितलं तेव्हा तिने त्यांच्यासमोर हात जोडले. "माझी चूक आहे, काका. मी भरलेल्या नळीवर करून घ्यायला हवं होतं." त्या दिवसापासून ती प्रत्येकाकडून समोर औषध घेववते, आणि कुणी फुंकलं तर हौदाची गोष्ट सांगते.

पुढे फार काही अद्भुत घडलं नाही, दिवस फक्त हळूहळू लांब होत गेले. नवरात्रात रावजी पहिल्यांदा शेवंतीपर्यंत न थांबता आले. दिवाळीच्या सुट्टीआधी गुलबक्षीपर्यंत. चेहऱ्याची सूज उतरली, जुनी गालफडं वर आली. नवसाबाई एक दिवस मला म्हणाली, "रातचा ह्यांचा आवाज येत नाय, तर मीच उठून बघती, हाय का गेला." एका दुपारी वाऱ्याशिवाय पावरीचा हुंकार ऐकू आला. सातवीचा सगळा वर्ग दाराकडे बघू लागला. मी शिकवणं थांबवलं.

काटा दोनशे चाळीसपर्यंत आला आणि तिथे राहिला. पल्लवीने खरं ते सांगितलं. गंधकाने आणि चुलीच्या धुराने जे नेलं ते परत यायचं नाही. उत्सवाचे पाचही दिवस वाजवणं होणार नाही, धुनीजवळ तर नाहीच. शेवटच्या सकाळी, डोंगरावर, मोकळ्या हवेत एक फेर. त्याआधी पाव तास निळी कॅप्सूल, आणि दम लागला की लगेच थांबायचं.

"थांबायचं," रावजी म्हणाले. "तेच तर नाय पायजे."

त्या शब्दावर त्यांनी आठवडाभर विचार केला. मग कोंडाजींना निरोप धाडला. जयरामला सुपारी द्या, शेवटचा फेर तेवढा माझ्या आज्याच्या पावरीला ठेवा.

मी आणि पल्लवी त्या सकाळी गेलो. पेठची मोटार, मग चाल. मार्गशीर्षातलं धुकं दऱ्यांत साचलं होतं आणि डोंगरांचे माथे त्यावर तरंगत होते. पायवाट दिसत नव्हती. पावरी मात्र ऐकू येत होती. कुठल्या बाजूने ते कळेना, डावीकडून वाटायची, मग पायाखालून. आम्ही त्या सुरामागे चालत राहिलो आणि एकदम धुकं सरलं. मोकळवणात माऊल्यांचा फेर फिरत होता. मध्ये रावजी. गाल भरलेले, डोळे मिटलेले, खांदे खाली. त्यांचे खांदे खाली असलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

किती वेळ झाला कोण जाणे. सूर बारीक झाला, कापला, आणि तुटला.

माऊल्या होत्या तिथे थांबल्या. कुणाचा पाय वर, कुणाचा हात पुढे. पाच वर्षांपूर्वीची ती शांतता मी ऐकली होती फक्त. आता ती समोर उभी होती. नवसाबाई बायांच्या घोळक्यातून पुढे झाली आणि जागीच थांबली. रावजींनी पावरी मांडीवर घेतली. कमरेच्या कापडी पिशवीतून नळी काढली, निळी कॅप्सूल बसवली, पिळली आणि ओढली. इतक्या शांततेत तिची घरघर सगळ्यांना ऐकू गेली. मग श्वास धरून ते बसले. त्यांचे डोळे समोरच्या उघड्या खडकावर एकेका जागी थांबत पुढे सरकत होते. तिथे वाफे नव्हते, पण मला ते कळत होते.

एक माऊली हलायला लागली तशी कोंडाजींनी काठी आडवी धरली.

"उभं ऱ्हा. तो दम घेतोय."

श्वास सुटला. तरी छाती मोकळी व्हायला थोडा वेळ लागणारच होता. पल्लवी घड्याळाकडे बघत होती. तेव्हा नवसाबाईने, आपल्या त्या ठसठशीत आवाजात, पावरीविनाच गाणं उचललं. बाया तिच्यामागे झाल्या. एक कडवं झालं, दुसरं झालं. माऊल्यांचे पाय बायांच्या गळ्यावर हलू लागले. तिसऱ्या कडव्याच्या मध्येच खालून, अगदी हळू, पावरी त्यात मिसळली, आणि फेर पुरा होईतो तुटली नाही.

परत येताना मोटारीत रावजी खिडकीशी बसले होते, पावरी मांडीवर. करंजाळी गाव मागे पडल्यावर ते एवढंच म्हणाले, "चूळ नाय भरली." पल्लवी म्हणाली, "निळीनंतर नाही भरली तरी चालते, काका." त्यांनी मान डोलावली आणि झोपले.

मी २००४ मध्ये निवृत्त झाले. रावजी त्याच्या पुढच्या वर्षी पाड्यावर परत गेले. औषधाच्या डब्या पल्लवी मोटारीच्या ड्रायव्हरबरोबर पाठवायची. २००६ च्या मार्गशीर्षात पुन्हा डोंगऱ्यादेव बसला, तेव्हा त्यांचं बोलावणं आलं. मी एकटीच गेले.

रावजी वाजवत नव्हते. घोंगडी पांघरून खडकाला टेकून बसले होते, खांदे जरासे वर. आज्याची पावरी जयरामच्या हातात होती, सुरगाण्याचा धिप्पाड माणूस, दिवसभर वाजवेल अशा छातीचा. फेर रंगात आला, आणि एकाएकी त्याने पावरी ओठांवरून काढली. माऊल्या होत्या तिथे उभ्या राहिल्या. मी रावजींकडे वळले.

"त्याला काय झालं?"

"काय नाय," रावजी हळूच म्हणाले. "हितं थांबायचं आसतं आता. मंग बाया म्हणतात, मंग परत पावरी. नवसाला इचारा, तिनंच सगळ्यांना शिकवलंय."

सगळा डोंगर थांबला होता. खाली दरीत धुकं होतं. रावजींचे ओठ किंचित हलत होते. माझेही हलू लागले. जास्वंद, तगर, अबोली, शेवंती, मोगरा, कण्हेर, गुलबक्षी, सदाफुली, झेंडू. मग नवसाबाईचा आवाज उठला.